टांगायचा बर्ड फीडर (३४९ रुपये): एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

मार्चमध्येच लिहिणार होते, पण म्हटलं आधी एक पावसाळा जाऊ दे, नाहीतर पार्सल उघडून पाच स्टार देणाऱ्यांत आपली एक भर. तर वस्तू अशी, पाखरांना दाणे ठेवायला पारदर्शक प्लॅस्टिकचं नळकांडं, वर हिरवं झाकण, खाली गोल ताटली, बाजूला सहा भोकं, सोबत नायलॉनची दोरी आणि अर्धा किलो 'मिक्स सीड'चं पाकीट. कंपनीचं नाव सांगत नाही, असले दहा नावांनी मिळतात आणि सगळे एकाच साच्यातले वाटतात.

आमचं घर बेळगावात टिळकवाडीत, जुनं कौलारू, मागं परड्यात एक पेरू, एक आंबा आणि जास्वंदीचं कुंपण. लहानपणी कौलांखाली चिमण्यांची एवढी घरटी असायची की जेवताना ताटात काड्या पडायच्या. समोरची दोन घरं पाडून अपार्टमेंट झालं तशा त्या कमीच होत गेल्या. २० मार्चला चिमणी दिन असतो ना, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीनं २०१० पासून सुरू केलेला, त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर चिमण्यांच्या फोटोंचा नुसता पाऊस पडला होता आणि त्या भरात माझी ऑर्डर गेली.

पहिले नऊ दिवस एक पाखरू फिरकलं नाही. मी तो कपडे वाळत घालायच्या तारेला टांगलेला, अगदी उघड्यावर, म्हणजे मला किचनमधून दिसावा म्हणून. आई रोज जाता येता टोमणा मारायची, "अगं त्या बाटलीतनं ती खाणार कशी, ताटात वाढ की सरळ." मग पेरूच्या आतल्या फांदीला बांधला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक चिमणा आला, गळ्याखाली काळा डाग असलेला नर. शिक्रा किंवा मांजर आलं तर लपायला जवळ पानं पाहिजेत हे माझ्या टाळक्यात आधी यायला हवं होतं, आपण पण काय भर रस्त्यात पाट मांडून जेवत नाही. शेजारच्या अक्का कंपाऊंडवरून ओरडल्या, "गुब्बी बंतु नोड्री!" म्हणजे कन्नडमध्ये, चिमणी आली बघा! त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद.

पण त्या चिमण्याची कसरत बघवेना. बसायची दांडी इतकी आखूड की शेपूट नळकांड्यावर दाबून, अंग तिरकं करून, एक दाणा तोंडात आणि चार खाली. खाली पडलेलं टिपायला होले यायचे, त्यांची मात्र चंगळ.

मिक्स सीडबद्दल तर बोलायलाच नको. चिमण्या नि मुनिया राळे आणि बाजरी तेवढी वेचायच्या, ज्वारी बाहेर उडवायच्या. सूर्यफूल महिनाभर तसंच, मग एक दिवस राघूंचा थवा आला आणि दहा मिनिटांत साफ करून, वर एक दांडी मोडून गेला. खाली कुंडीत बाजरी उगवली ती वेगळीच. दुसरं पाकीट घेतलं नाही. रविवार पेठेत जाऊन बाजरी, राळे आणि तांदळाची कणी आणली, पाकिटाच्या पाव भावात. तुम्हीपण तेच करा.

आणखी एक, बॉक्सवर जे बुलबुल नि दयाळाचे फोटो छापलेत ते विसरा. बुलबुल फळं नि किडे खाणारा, दाण्याकडे ढुंकून बघत नाही, त्याला पिकलेल्या पपईची फोड नाहीतर केळं ठेवा, येतो की नाही बघा. दयाळ, शिंपी हे किड्यांवरचे. फुलातला रस पिणाऱ्या शिंजिराला जास्वंद पुरते, कुणीतरी साखरेचं पाणी ठेवा म्हणून सांगितलेलं, मी काय ठेवलं नाही. आणि चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते, त्यामुळं झाडांवर औषध फवारून शेजारी फीडर टांगणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही.

आता खरा राग कशाचा ते सांगते. आमच्या बेळगावचा पाऊस काय सरळ पडतोय होय? आडवा येतोय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली आणि ताटलीत पाणी साचलं, कारण ताटलीला पाणी जायला एकही भोक नाही! सहा भोकं दाणे सांडायला आहेत आणि पाण्याला एक नाही. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर खालचे चार बोटं दाणे गच्च चिकटलेले, आंबूस वास आणि वर पांढरी-हिरवी बुरशी. ही बुरशी साधी गोष्ट नाही, फुफ्फुसात गेली की पाखरं मरतात त्यानं. सगळं काढून फेकलं. धुवायला गेले तर तोंड एवढं अरुंद की हात आत जात नाही, शेवटी भाचीच्या दुधाच्या बाटलीचा जुना ब्रश घेऊन गरम पाण्यानं घासलं, उन्हात वाळवायचं तर ऊन कुठलं, दोन दिवस गॅसच्या ओट्यावर पडून होता. मग खिळा तापवून ताटलीला मीच चार भोकं पाडली. तेव्हापासून पावसात मूठभरच दाणे घालायचे आणि आठवड्याला एकदा पूर्ण धुवायचा. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी पावसाळ्यात काढूनच ठेवावा.

ऑगस्टमध्ये खारीनं उरलेलं काम केलं. दोन भोकं कुरतडून एवढी मोठी केली की दाणे भरले की धो धो खाली.

फ्लॅटच्या बाल्कनीत लावणार असाल तर दोनदा विचार करा, पारवे येतात. एकदा आले की जात नाहीत आणि त्यांच्या विष्ठेचा त्रास दम्याच्या माणसांना फार होतो, २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रामायण झालं ते बघितलंच असेल. आणि काचेच्या खिडकीसमोर सात-आठ फुटांवर टांगू नका, पाखरू दचकून उडालं की थेट काचेवर. एकतर काचेला खेटून लावा, हातभर अंतरात, नाहीतर लांब. आमच्याकडं एक होला आपटला, अर्धा तास खोक्यात ठेवला मग उडाला, नशीब.

मग मी काय वापरते? मे महिन्यात खानापूरला लग्नाला गेलेले, तिथून येताना एका कुंभाराकडून मातीचं पसरट भांडं आणलं. खानापूरची माती कौलांना नि मडक्यांना नावाजलेलीच, खादी ग्रामोद्योगचं कुंभारकाम शिकवणारं केंद्र पण तिथंच आहे. दोन बोटं खोल, कड जाड आणि खरबरीत, पाय घसरत नाही. मधे एक गोटा ठेवला आणि पाणी भरलं. दाण्यांना नऊ दिवस लागले, पाण्याला नऊ तास लागले नाहीत! दुपारी तीनला बुलबुल, साडेतीनला सातभाईंची टोळी, प्रत्येकजण आधी दुसऱ्यावर ओरडणार मग पाण्यात बसणार, आणि दयाळ अंघोळ करताना असा काय थुई थुई करतो की आई हातातली भाजी निवडायची थांबते. एकच, पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच घरात.

आणि दिवाळीनंतर मामानं येळ्ळूरहून भाताच्या लोंब्यांचा झुबका दिला, तो दारावर बांधलाय. मुनिया उलट्या लोंबकळून एक एक दाणा सोलतात, खाली नुसता कोंडा. फुकटात, ना प्लॅस्टिक, ना बुरशी, संपलं की दोरा तोडून खतात.

तर फीडरला पाचपैकी दोन, तेही दोन चिमण्यांचे म्हणून. मातीच्या भांड्याला साडेचार, अर्धा कापला कारण पहिलं भांडं मांजरानं पाडून फोडलं. दुसरं घ्यायला जुलैत गेले तर कुंभार म्हणाला, पावसात माल वाळत नाही, भट्टी बंद, दसऱ्यानंतर या. म्हणून घ्यायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच दोन आणून ठेवा.