दातांच्या खुर्चीची भीती आणि गुंगीचे पर्याय: कोणता किती भरवशाचा

दातांच्या उपचारासाठी गुंगी देण्याचे जे पर्याय दवाखान्यांत मिळतात, त्यांची पारख एका प्रश्नावर होते: उपचार चालू असताना मात्रा कमी-जास्त करता येते का? एकच मात्रा एकाला पुरत नाही आणि दुसऱ्याला गाढ झोपवते. म्हणूनच सगळ्यांत सोपी वाटणारी गोळी आमच्या पसंतीत खाली आहे, आणि मास्क-नळ्यांचा पसारा असलेला गॅस सगळ्यांत वर.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. गुंगीने भीती उतरते, दुखणे थांबत नाही. गॅस घ्या, गोळी घ्या किंवा शिरेतून औषध घ्या, हिरडीत बधिर करण्याचे इंजेक्शन द्यावेच लागते. दाढ नीट बधिर झाली नसताना गुंगी वाढवत नेणे ही घातक चूक आहे. रुग्ण कळवळतो म्हणून औषध वाढते, काम संपताच वेदनेने जागे ठेवणेही संपते, आणि नेमका तेव्हा श्वास मंदावतो.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. नीट देणारा डॉक्टर सुरुवात नुसत्या ऑक्सिजनने करतो, मोठ्या माणसाला मिनिटाला ५ ते ६ लिटर. यंत्राला लटकलेली रबरी पिशवी पाहावी: प्रत्येक श्वासाला ती हलकी आत-बाहेर झाली पाहिजे. टम्म फुगून राहिली तर प्रवाह जास्त आहे किंवा रुग्ण तोंडाने श्वास घेतो आहे. चिमून गेली तर प्रवाह कमी आहे. मग १० टक्के नायट्रस, एक-दोन मिनिटे थांबून आणखी १०, आणि ३० च्या पुढे ५-५ टक्क्यांनी. बहुतेकांचे ३० ते ४० टक्क्यांत भागते. बोटांना मुंग्या येतात, अंगात ऊब पसरते, खुर्चीचे हात घट्ट धरलेली मूठ सुटते. डॉक्टरने हाताकडे पाहावे, आकड्याकडे नंतर. मळमळ, गरगरणे, अडखळते बोलणे, आपोआप मिटू लागलेले तोंड ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे. टक्का उतरवला की दोन-तीन मिनिटांत निवळतात. रक्तात हा वायू फार कमी विरघळतो, म्हणून तो जितका लवकर चढतो तितकाच लवकर उतरतो. दातांसाठी बनवलेल्या यंत्रात ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊच शकत नाही, आणि त्याचा पुरवठा तुटला तर नायट्रसही बंद पडतो. शेवटी निदान ५ मिनिटे शुद्ध ऑक्सिजन द्यायचा असतो. घाईत तो वगळला की डोके जड होते, पोटात ढवळते आणि दोष गॅसला लागतो.

गॅस फसतो तो बहुतेक वेळा मास्कमुळे. नाकाच्या दांड्यापाशी फट राहते, रुग्ण बोलत राहतो, तोंडाने श्वास घेतो, आणि पुरेसा गॅस आत जातच नाही. ही चूक जुनी आहे. दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये या वायूखाली स्वतःची दाढ काढून घेतली होती. १८४५ मध्ये बोस्टनमधल्या जाहीर प्रयोगात मात्र रुग्ण ओरडला, कारण गॅसची पिशवी वेळेआधी बाजूला झाली होती. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबरी पडदा, लावून काम केले तर श्वास आपोआप नाकाने होतो, आणि घशात पाणी जाण्याची धास्तीही कमी होते. वरच्या पुढच्या दातांवर मात्र मास्क आडवा येतो. नाक चोंदलेले असेल, गर्भारपणाचे पहिले तीन महिने असतील, बी-१२ ची कमतरता असेल, कानाच्या पडद्याची किंवा डोळ्यात वायू सोडण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर गॅस नको. आणि खुर्ची पाहूनच थरथरणाऱ्या माणसाला तो पुरत नाही, हे डॉक्टरने आधीच सांगावे.

गोळीबद्दल आम्ही कडक आहोत. डायझेपाम, ट्रायाझोलाम, तोंडाने द्यायचे मिडाझोलाम ही औषधे वाईट नाहीत. पोटात गेलेली मात्रा परत घेता येत नाही, ही खरी अडचण. कोणाला अर्ध्या तासात चढते, कोणाला दीड तासात. ‘अजून काही वाटत नाही’ म्हणून दुसरी गोळी दिली की दोन्ही एकदम चढतात. हे कधीही करू देऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), इट्राकोनाझोल (बुरशीवरचे औषध) अशी औषधे चालू असतील तर मिडाझोलाम आणि ट्रायाझोलाम शरीरात साचतात. दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामके सोबत असतील तर श्वासावर दाब येतो. डायझेपामचा अंमल दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. आदल्या रात्री झोप लागावी म्हणून लहान मात्रा, हा तिचा चांगला उपयोग. मुलांना देतात त्या मिडाझोलाम सिरपने काही मुले शांत होण्याऐवजी उलट चिडून रडतात. तेव्हा आणखी औषध न देता उपचार थांबवणे बरे.

शिरेतून मिडाझोलाम हा तीव्र भीतीसाठी आणि अक्कलदाढेसारख्या लांबणाऱ्या कामासाठी सर्वांत परिणामकारक पर्याय. १ मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्यानंतर निदान दोन मिनिटे थांबून देतात. वयस्कांना टप्पा अर्धा आणि थांबणे जास्त. पापण्या जड झाल्या, उत्तर उशिरा पण बरोबर आले, की हात थांबला पाहिजे. हाक मारल्यावर उत्तर येत नसेल तर ती ठरलेली गुंगी नव्हे, त्याच्या पलीकडची अवस्था आहे. पुढचा पाऊण तास काम करता येते आणि त्यातले बहुतेक रुग्णाला आठवत नाही. ज्यांची भीती जुन्या आठवणीतून आली आहे, त्यांच्यासाठी हे मोठे वरदान आहे.

इथे दवाखाना पारखून घ्यावा. बोटाला पल्स ऑक्सिमीटर, दर पाच मिनिटांनी रक्तदाब, शक्यतो सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ. नाकातून ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी ऑक्सिमीटरचा आकडा मिनिटभर चांगला दिसू शकतो. कॅप्नोग्राफवर ते लगेच कळते. दात काढणाऱ्याखेरीज केवळ रुग्णावर नजर ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती हजर हवी. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हाताशी हवे, आणि ते मिडाझोलामच्या आधी उतरते, म्हणजे गुंगी परत येऊ शकते, हेही तिथल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. शिरेतली सुई घरी सोडेपर्यंत काढू नये. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडणाऱ्या किंवा खूप वजन असलेल्या माणसाने ही गोष्ट विचारण्याआधीच सांगावी. अशांचे काम इस्पितळात भूलतज्ज्ञासमोर व्हावे.

पूर्ण भूल ही शेवटची पायरी. फार लहान मूल, तोंडभर किडलेले दात, सहकार्य करू न शकणारा रुग्ण, यांच्यासाठी ती योग्य. एका दाढेसाठी नव्हे. प्रोपोफॉलने ‘हलकी झोप’ देऊ असे कोणी सांगितले तर भूलतज्ज्ञ कोण आहे ते विचारा, कारण त्या औषधात गुंगी आणि पूर्ण भूल यांतले अंतर फार थोडे आहे.

निवड करताना आम्ही पाच प्रश्नांची दंतभीती मोजपट्टी धरतो. गुण ५ ते २५. १९ किंवा जास्त म्हणजे तीव्र भीती. त्याखाली असाल तर आधी गुंगीशिवायचे उपाय करून पाहा: हात वर करताच काम थांबेल असा करार, सुईआधी सुकवलेल्या हिरडीवर दोन मिनिटे बधिर करणारे जेल, आणि अगदी सावकाश दिलेले इंजेक्शन. अनेकांना तेवढेच पुरते.

शिरेतून औषध किंवा पूर्ण भूल असेल तर जड जेवण ८ तास, हलके ६ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद. गोळीसाठीही डॉक्टर सांगेल तेवढे उपाशी राहावे. गॅसनंतर मोठा माणूस तासाभरात एकटा घरी जाऊ शकतो. बाकी सगळ्यांत सोबत जबाबदार माणूस हवा, २४ तास गाडी चालवायची नाही, सहीसुद्धा करायची नाही. पुढच्या सूचना त्या सोबतच्या माणसाला लिहूनच द्याव्यात; रुग्ण मान डोलावतो, पण घरी पोचेपर्यंत त्याला त्यातले काही आठवत नसते.