बूस्ट गेज लावून दहा महिने झाले, काटा अजून झिरोवर येत नाही

परवा सर्व्हिस सेंटरवाल्याने जॉबकार्डवर "कस्टमर फिटेड मीटर फॉल्टी" असं लिहून माझी सही मागितली आणि तिथेच डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, वॉरंटी कधीच संपलेली. मागच्या दिवाळीत बोनसमधून ५२ एमएमचं इलेक्ट्रॉनिक बूस्ट गेज मागवलं, म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबाने हवा कोंबतोय ते बारमध्ये दाखवणारं मीटर, झिरोच्या वर बूस्ट आणि खाली व्हॅक्यूम. सेन्सर बॉनेटखाली आणि आत फक्त वायर येते तसलं. मेकॅनिकल घेतलं नाही कारण त्यात मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) डॅशबोर्डपर्यंत पाइप आत आणावा लागतो, आणि पेट्रोलची वाफ असलेला पाइप माझ्या गुडघ्याशी नको. गेज ६,४००, पॉड (गेज बसवायची वाटी) ९००, मजुरी १,५००. टी (पाइपाला फाटा काढायचा जोड) आणि सिलिकॉनचा पाइप नाना पेठेतून आणला ते वेगळेच. घरी आकडा पाच हजारच सांगितलाय.

फिटिंगची कथा थोडक्यात. धायरीतला आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा भाग) पाइप चांगला जाडजूड आहे, त्यातच टी मारतो. म्हटलं दादा, ब्रेकच्या पाइपाला हात लावायचा नाही, उद्या टी तडकला तर सिंहगड उतरताना पेडल दगड होईल. मग त्याने थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) अलीकडच्या पाइपातून कनेक्शन घेतलं, गाडी सुरू केली तर काटा जागचा हलेना. मला वाटलं मेलं गेज. अर्थात हलणार कसा, आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) थ्रॉटल बंद असतं, व्हॅक्यूम तयार होतो तो थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये. तिथे लावल्यावर काटा झपकन उणे ०.६५ बारवर गेला आणि आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. पॉड ए पिलरवर (पुढच्या काचेशेजारचा खांब) लावू नका, कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर उलगडणारा) असेल तर तो तिथूनच उघडतो. मी स्टिअरिंगच्या उजवीकडे एसी व्हेंटशेजारी लावलं.

आता मुख्य दुखणं. चावी ऑन, इंजिन बंद, म्हणजे काटा बरोब्बर झिरोवर हवा की नाही? माझा झिरोच्या खाली. फार नाही, डायलवर ०.०५ ची बारीक घरं आहेत, त्यातलं एक घर आणि वर जरासं. पण एकदा दिसलं की दिसतंच. सिग्नलला गाडी बंद केली की नजर तिथेच. बायको म्हणाली दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं करतोयस.

विक्रेत्याला अकरा मेल टाकले. त्याने शेवटी कंटाळून दुसरा सेन्सर पाठवला, तोही तिथेच थांबला. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती, दोन वेगवेगळे सेन्सर एकाच जागी कसे चुकतील? पण नाही, मी ठरवलं की सगळा लॉटच भंगार आहे. मोबाइलवर हवामानाचं ॲप उघडून बघितलं तर पुण्याचं प्रेशर १०१० मिलिबार, म्हणजे बाहेर सगळं ठीक, म्हणजे गेजच चोर. एक स्टार देऊन तीन परिच्छेद शिव्या लिहिल्या.

मग जानेवारीत ठाण्याला मावशीकडे गेलो. रात्री गाडी लावली, सवयीने चावी परत ऑन करून बघितलं तर काटा झिरोवर! अगदी केसावर. पार्किंगमध्ये दहा मिनिटं चावी बंद-चालू करत बसलो, वॉचमन येऊन विचारून गेला बॅटरी उतरलीय का. दुसऱ्या दिवशी पुण्यात परत, काटा परत खाली.

ऑफिसातल्या मित्राकडे ओबीडी डाँगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा प्लग) होता तो लावून बघितला. चावी ऑन, इंजिन बंद, मॅनिफोल्ड प्रेशर ९५ केपीए (१०० केपीए म्हणजे एक बार) आणि त्याखाली बॅरोमेट्रिक, म्हणजे बाहेरच्या हवेचं प्रेशर, तेही ९५. समुद्रसपाटीला हे १०१ च्या आसपास असतं. पुणे साधारण ५६० मीटरवर, म्हणजे इथे हवाच ०.०६ बारने कमी दाबाची, आणि माझं गेज अॅबसोल्यूट सेन्सरचं (बाहेरच्या हवेशी तुलना न करता एकूण दाब मोजणारा), त्याचा झिरो समुद्रावरचा. काटा मला दहा वेळा खरं सांगत होता आणि मी विक्रेत्याला शिव्या देत होतो. आणि ते हवामानाचं ॲप? ते प्रेशर समुद्रसपाटीला आणून दाखवतात, नाहीतर एका गावाची दुसऱ्याशी तुलनाच करता येणार नाही. गंमत म्हणजे मी रोज शिमला ऑफिसच्या चौकातून जातो, १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं म्हणून त्याला ते नाव, आणि मला एवढीशी गोष्ट माहीत नव्हती.

खात्री करायला रविवारी सिंहगडावर गाडी घेऊन गेलो. वर साधारण १,३०० मीटर, काटा तीन घरं खाली, उणे ०.१५ ला टेकलेला. पिठलं-भाकरी खायच्या आधी फोटो काढला. त्याच दिवशी रिव्ह्यू बदलून चार स्टार केले. पाचवा दिला नाही कारण त्या विक्रेत्याला हे कारण माहीत असायला हवं होतं, त्याने मला सेन्सर का पाठवला?

आणखी एक. फुल थ्रॉटलला ठाण्यात ०.९ दिसायचं, पुण्यातही ०.९ च. म्हणजे माझ्या गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अॅबसोल्यूट प्रेशर बघून बूस्ट मागतो, इथली पातळ हवा भरून काढायला टर्बोलाच जास्त राबावं लागतं. गेजने मुकाट्याने झिरो दाखवला असता तर हे कळलंच नसतं.

आता सर्व्हिस सेंटर. गेल्या महिन्यात सर्व्हिस झाली, पुढच्याच शनिवारी साताऱ्याला निघालो तर खंबाटकी चढताना गाडी दमेकऱ्यासारखी. काटा ०.५ च्या पुढे सरकेना आणि बॉनेटमधून स्स्स असा आवाज. परत येऊन ॲडव्हायझरला व्हिडिओ दाखवले, आधीचा ०.९ चा आणि आत्ताचा. तो म्हणतो, "सर, तुम्ही बाहेरचं मीटर लावलंय ना, त्यामुळेच लीक आहे." म्हटलं आयडलला व्हॅक्यूम पूर्वीएवढाच आहे, माझा टी फुटला असता तर आयडल वरखाली झालं असतं, लीक थ्रॉटलच्या अलीकडे आहे. त्याने आत वाकून चावी ऑन केली आणि विजयी मुद्रेने बोट ठेवलं, "सर हा बघा, झिरोवर पण नाही तुमचा काटा."

मी त्याला समुद्रसपाटी समजावून सांगितली. ठाणे, सिंहगड, ९५ केपीए, सगळं. तो "हो सर, बरोबर सर" म्हणत लिहित होता, मला वाटलं पटलं. कार्ड हातात आलं तर ते फॉल्टी वालं वाक्य, आणि खाली डायग्नोसिसचे १,८०० वेगळे. सही केली नाही, गाडी घेऊन थेट धायरी. मेकॅनिकने साबणाचं पाणी मारलं, मला रेस द्यायला सांगितली आणि इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा) पाइपाशी बुडबुडे आले. क्लॅम्प नुसता अडकवलेला, आवळलाच नव्हता. दहा मिनिटं, शंभर रुपये, दोन चहा. संध्याकाळी बायपासला परत ०.९.

घ्यावं का? माझ्यासारखे पैसे मोजून खाणारे असाल तर आधी ६००-७०० चा ओबीडी डाँगल घ्या, हाच आकडा मोबाइलवर दिसतो, जरा उशिरा अपडेट होतो एवढंच. आणि हिंजवडीला जाणारे असाल तर विसराच, वाकडच्या पुलाखाली काटा उणे ०.६ ला झोपलेला असतो, जवळपास नऊ हजारांचं व्हॅक्यूम मीटर. एक फायदा मात्र झाला, सपाट रस्त्यावर काटा झिरोखाली ठेवायची सवय लागली आणि शहरातलं ॲव्हरेज साडेअकराचं तेराच्या आसपास गेलं. या हिशोबाने गेज वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते काढलं नाही, मुद्दामच.

हे लिहिताना मॉडेल नंबर बघायला खोका काढला तर तळाशी घडी केलेला मॅन्युअलचा कागद होता. त्यात चौथ्या ओळीत: चावी ऑन, इंजिन बंद, बटण पाच सेकंद दाबा, काटा झिरोवर येईल. अकरा मेल! खाली पार्किंगमध्ये गेलो, बटणावर बोटही ठेवलं. दाबलं नाही. पुढच्या महिन्यात परत ठाण्याला जायचंय.