नवीन मरीन टँकला रॉक कुठला घ्यावा: ओला लाइव्ह, ड्राय, की तयार केलेला?

खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक आला, स्टँड आला, संप (खालची फिल्टरची टाकी) बसला, मीठ आणून ठेवलं आणि आता गाडी अडलीये ती रॉकवर. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हेच विचारलं म्हणून एकदाच नीट लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. साधारण २०० लिटरचा टँक असेल तर बहुतेक सगळा रॉक ड्राय, म्हणजे वाळलेला घ्या, आणि सोबत एखाद दोन किलो ओला, म्हणजे जिवंत जीव-बॅक्टेरिया असलेला लाइव्ह रॉक ओळखीतल्या माणसाच्या जुन्या, नीट चाललेल्या टँकमधून मागून आणा. दूध आणि विरजण, बस तेवढंच गणित आहे.

रॉक दिसायला छान म्हणून टाकत नाहीत, तो तुमचा मुख्य फिल्टर असतो. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, रॉकवरचे एका जातीचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट करतात, आणि रॉकच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे कामाला येतात ती छिद्रं, वजन नाही. चार लिटरला अर्धा ते एक किलो हा जुना हिशोब लावला तर २०० लिटरला २५ ते ५० किलो दगड होतो, आणि एवढा भरला की मासे पोहणार कुठे? हलका, भोकाभोकांचा रॉक असेल तर १५-१८ किलोत माझ्या मते आरामात भागतं. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे.

आता ओला लाइव्ह रॉक. सगळ्यात महत्त्वाचं आधी: आपल्याकडच्या समुद्रातून काढलेला रॉक घेऊ नका, कोणी कितीही स्वस्तात देऊ देत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून सगळे रीफ बांधणारे कोरल (प्रवाळ) शेड्यूल एकमध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. मेलेलं कोरल असलं तरी सुटका नाही. लाइव्ह रॉक म्हणजे मुळात कोरलचा सांगाडाच, त्यामुळे 'हे तर नुसतं दगड आहे' हे बोलणं चालत नाही. बाहेर देशातून आलेला असेल तर तोही सायटीसच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत येतो, कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मालवणला स्नॉर्कलिंग करताना ज्याने ते कोरल एकदा डोळ्याने बघितलंय त्याला तिथला तुकडा आपल्या हॉलमध्ये नकोच वाटेल. मला तरी नको वाटतो.

कागदपत्रांसकट चांगला ओला रॉक मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही हेही खरं. गुलाबी-जांभळा कोरलाइन शेवाळाचा थर, कोपेपॉड नावाचे बारीक जीव, पिसांसारखे पंखे उघडणारे किडे, नखाएवढे ब्रिटल स्टार, हे सगळं फुकट सोबत येतं आणि टँक पहिल्या आठवड्यापासून जिवंत वाटतो. पण सोबत काय काय येतं ते निवडायचा हक्क तुम्हाला नसतो. माझ्या पहिल्या टँकला मी एका दुकानातून १२ किलो ओला रॉक घेतला होता, 'क्युअर केलेला आहे (म्हणजे वरची मेलेली घाण आधीच कुजवून काढलेली), सरळ टाका' असं सांगितलं, मी सरळ टाकला. तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्याचा वास, अमोनिया टेस्टचा रंग एकदम गडद हिरवा. रॉक ओल्या पेपरात गुंडाळून प्रवास करून आला होता, वाटेत त्याच्यावरचं अर्धं जग मेलं होतं आणि तेच आता माझ्या पाण्यात कुजत होतं. ते निस्तरलं तर महिन्याभराने रात्री लाइट बंद झाल्यावर टक्, टक् असा आवाज यायला लागला, काचेवर कोणी नखाने टिचकी मारतंय तसा. मँटिस श्रिंप. सकाळी हर्मिट क्रॅबचे रिकामे शंख सापडायचे. शेवटी एकेक रॉक बाहेर काढून भोकाभोकात सोडा वॉटर सोडलं तेव्हा बोटभर लांबीचा तो बाहेर पडला. त्यातून सुटलो आणि मग आयप्टेशिया, म्हणजे एक उपद्रवी सी ॲनिमोन, काचेसारखा पारदर्शक तपकिरी फुलोरा, हात लावला की सर्रकन आत जातो, एक खरवडला तर त्याच्या तुकड्यांतून चार उगवतात. तो आजही संपमध्ये कुठेतरी आहे. ब्रिसल वर्मला (टोचणाऱ्या केसांचा किडा) मात्र उगाच घाबरू नका, बहुतेक सगळे सफाईवालेच असतात, फक्त नुसत्या हाताने धरू नका.

शिवाय ओल्या रॉकचं वजन ओलंच होतं, म्हणजे पाण्याचेही पैसे तुम्हीच देता. आणि टँकमध्ये टाकायच्या आधी क्युअर करायला वेगळा ड्रम, हीटर, जोरदार पंप आणि अंधार लागतो, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, अमोनिया शून्य येईपर्यंत थांबा. फ्लॅटच्या बाल्कनीत निळा ड्रम ठेवून बघा, शेजारी विचारायला येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी तर एप्रिल-मेमध्ये हा उद्योग करूच नका, ड्रममधलं पाणी ३२-३३ डिग्रीच्या वर गेलं की रॉक क्युअर होण्याऐवजी शिजतो, आणि त्यात तीन तास लाइट गेली, पंप बंद पडला तर संपलंच.

ड्राय रॉकचं याच्या अगदी उलट. मेलेला, वाळलेला, त्यामुळे मँटिस नाही, आयप्टेशिया नाही, वास नाही. टेबलावर पसरून चार संध्याकाळी घालवून हवा तसा स्केप (रॉकची मांडणी) जुळवता येतो, सुपरग्लू जेल आणि इपॉक्सीने चिकटवता येतो, ओल्या रॉकबरोबर ही चैन नसते कारण तो बाहेर राहिला की मरतो. दिसायला सुरुवातीला पांढराफटक, हाडांसारखा, घरचे विचारतात हे काय आणलंस. कोरलाइन चढायला महिने लागतात.

पण ड्राय रॉक म्हणजे स्वच्छ रॉक असं नाही. त्याच्यात फॉस्फेट मुरलेलं असू शकतं आणि ते महिनोन्‌महिने पाण्यात झिरपत राहतं, मग तुम्ही वाटेल तेवढं पाणी बदला, हिरवी शेवाळ हटत नाही. म्हणून आणल्या आणल्या एक-दोन तुकडे बादलीत मिठाच्या पाण्यात पंप लावून दोन आठवडे ठेवा आणि फॉस्फेट तपासा. ०.१ पीपीएमच्या बरंच वर गेलं तर आधी पाणी बदलत बदलत किंवा फॉस्फेट खेचणारं मीडिया लावून ते बाहेर काढा. काही जण ॲसिडमध्ये बुडवतात, करायचंच असेल तर उघड्यावर, ग्लोव्ह्ज-चष्मा घालून, पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, आणि आधी ब्लीचमध्ये ठेवलेला रॉक नीट धुतल्याशिवाय ॲसिडजवळ नेऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. दुसरा त्रास डायनोचा, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा. रॉकवर कोणतंच जीवन नाही, जागा मोकळी, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य, अशा वेळी तपकिरी, बुडबुडे अडकलेला शेंबडासारखा थर पसरतो आणि लोक हात टेकतात. इथेच ते विरजण कामाला येतं, जुन्या टँकमधला जिवंत तुकडा असला की ती मोकळी जागा आधीच कोणीतरी धरून ठेवलेली असते. खात्रीचा उपाय नाही हा, पण मी तीन टँक असे लावले आणि फरक दिसला.

तयार केलेल्या रॉकबद्दल थोडक्यात. सिमेंट-अ‍ॅरागोनाइटचे, सिरॅमिकचे, जांभळे रंगवलेले मिळतात. गुहा, कपारी, कमानी हव्या असतील तर आकार सुंदर असतात, रीफला हात लागलेला नसतो, आणि पहिल्या दिवसापासून रंग असतो, पण तो रंगच असतो, कोरलाइन नाही. घरी सिमेंटचा बनवणाऱ्यांनी पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवून पीएच खाली येईपर्यंत थांबावं. बजेट असेल तर आकारासाठी एक-दोन मोठे पीस घ्या, बाकी ड्राय.

आणि कृपा करून गावाकडून दगड आणू नका. जांभा लोहाने भरलेला असतो, आपला काळा दगड छिद्रांशिवायचा, दोन्ही इथे कामाचे नाहीत. शंका आलेल्या कुठल्याही दगडावर व्हिनेगर टाकून बघा, कॅल्शियम कार्बोनेटचा असेल तर फसफसतो.

विरजणाचा तुकडा मागताना दोन प्रश्न नक्की विचारा. या टँकमध्ये कधी कॉपरचं औषध टाकलं होतं का? कारण ते रॉकमध्ये मुरतं आणि पुढे तुमचे श्रिंप, स्नेल, कोरल मारतं. टाकलं असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. दुसरं, हल्लीच माशांना व्हाइट स्पॉट हा परजीवीचा रोग झाला होता का? त्याचे सिस्ट (परजीवीच्या कवचबंद गाठी) रॉकला चिकटून येतात, मग तुमचा टँक साधारण अडीच महिने माशांशिवाय ठेवायची तयारी ठेवा. आयप्टेशिया आहे का ते स्वतः टॉर्च लावून बघा, देणाऱ्याला वाईट वाटलं तरी चालेल.

मांडताना रॉक थेट काचेवर किंवा पातळ शीटवर टेका, वाळू नंतर ओता, नाहीतर गोबी मासा खणून खणून डोंगर पाडतो. पाणी आरओचं, टीडीएस शून्याजवळ, बोअरचं अजिबात नाही. सॅलिनिटी (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५, तापमान २५-२६ डिग्री जमलं की मगच जिवंत तुकडा आणायला निघा. झाकणाची बादली न्या, त्याच टँकचं पाणी भरा, तुकडा पूर्ण बुडवून आणा, लांबचा रस्ता असेल तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. टँकमध्ये ठेवताना पंपाच्या झोतात, ड्राय रॉकला टेकवून ठेवा, दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर फिश फूड टाका आणि अमोनिया वर जाऊन खाली येईपर्यंत रोज टेस्ट करून वहीत लिहीत जा.