दोन उभ्या अक्षांचा आलेख, वेगवेगळा झूम: प्लॉटली पावसाळाभर वापरल्यानंतर

जूनपासून कोयना धरणाचे रोजचे आकडे मी प्लॉटली या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडतोय. डाव्या अक्षावर धरण परिसरातल्या नवजा गावचा चोवीस तासांतला पाऊस, मिलिमीटरमध्ये, उभ्या पट्ट्यांनी. उजव्या अक्षावर धरणाचा साठा, टीएमसीत (अब्ज घनफुटांत), रेषेने. आता साठा उतरणीला लागलाय, म्हणजे एक अख्खा हंगाम हाताखालून गेला.

अशा आलेखाची खरी कसोटी धरण नव्वदीच्या पुढे गेल्यावर लागते. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, आणि दरवाजे कधी उचलणार याकडे कराड-सांगलीचं लक्ष असतं तेव्हा सगळी घडामोड शेवटच्या दहा टीएमसीत चाललेली असते. शून्यापासून काढलेल्या, चारशे पिक्सेल उंचीच्या आलेखात मात्र 1 टीएमसी म्हणजे जेमतेम चार पिक्सेल. ते पाणी काही थोडंथोडकं नव्हे. दिवसभर सलग साडेअकरा हजार क्युसेकची (सेकंदाला तेवढे घनफूट) आवक झाली तर तेवढं साठतं. उजवा अक्ष 95 ते 105.25 वर आणला की त्याच चार पिक्सेलचे चाळीसच्या आसपास होतात, आणि विसर्ग वाढवल्यावर रेषा कुठल्या तारखेला आडवी झाली ते स्पष्ट दिसतं.

अडचण अशी की आलेखाच्या मध्यभागी माउसने चौकट ओढली तर दोन्ही उभे अक्ष एकदम ताणले जातात. रेषेला त्याने काही होत नाही, पण पट्ट्यांचा तळ कापला जातो. पट्टी म्हणजे तिची लांबी. तळ शून्यावर नसेल तर 80 मिमीचा दिवस 40 मिमीच्या दुप्पट दिसणारच नाही.

प्लॉटलीचं मला मनापासून आवडलेलं काम इथे आहे. प्रत्येक अक्षाच्या आकड्यांची पट्टी स्वतंत्रपणे पकडता येते. मधोमध धरून ओढली तर फक्त तोच अक्ष सरकतो. वरच्या किंवा खालच्या टोकाला धरलं तर दुसरं टोक जागेवर राहून अक्ष ताणला जातो. डबल क्लिक केलं की तो एकटा पूर्ववत. टोकावर नुसतं क्लिक केलं तर चौकट उघडते आणि तिथे थेट 95 टाइप करता येतं. मी ओढत बसत नाही, हेच करतो. 'स्क्रोलझूम' चालू केलं की अक्षावर माउसचं चाक फिरवूनही हेच होतं. मूळ सेटिंगमध्ये अशा आलेखांसाठी ते बंद असतं.

त्यावर कडी म्हणजे 'फिक्स्डरेंज', अक्षाची कक्षा गोठवणारं सेटिंग. पावसाच्या अक्षाला ते लावून टाकलं की मधे कितीही चौकटी ओढा, पट्ट्या शून्यावर घट्ट बसून राहतात आणि साठ्याची रेषा तेवढी मोठी होते. दोन अक्षांचा आलेख करणाऱ्याने कुठला अक्ष हलू द्यायचा नाही हे आधी ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही मोकळे सोडले तर पाऊस आणि साठा यांचा हवा तसा मेळ कुणीही जुळवून दाखवेल. आणि दोन्ही अक्षांवर एकच राशी असेल, म्हणजे डावीकडे टीएमसी आणि उजवीकडे दलघमी (दशलक्ष घनमीटर), तर वेगळा झूम देऊच नये; 1 टीएमसी म्हणजे 28.32 दलघमी हे नातं पडद्यावर तुटतं.

रोज सकाळी नवा आकडा आला की केलेला झूम उडू नये म्हणून 'यूआयरिव्हिजन' या सेटिंगची किंमत तीच ठेवायची. उजव्या अक्षाच्या आडव्या रेघा मी बंद ठेवल्यात. अक्षावरचे आकडे कुठे पडावेत ते ठरवणाऱ्या 'टिकमोड'मध्ये 'सिंक' दिलं तर दोन्हीकडच्या रेघा जुळतात खऱ्या, पण झूम केल्यावर आकडे 96.4, 98.7 असे विचित्र येतात.

ईचार्ट्स या आलेखांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दोन अक्षांना दोन वेगळे 'डेटाझूम' सरकपट्टे लावता येतात आणि नवख्या माणसाला ते पटकन दिसतात. तिथे 'फिल्टरमोड' आठवणीने 'नन' करा, नाहीतर खिडकीबाहेरचे बिंदू आलेखातूनच गाळले जातात.

फोनवर अक्षाची ती अरुंद पट्टी बोटाने पकडणं अवघड जातं. गावाकडची मंडळी आलेख फोनवरच बघतात, त्यामुळे वरती दोन बटणं दिलीत: 'पूर्ण साठा' आणि '95 च्या वर'. दोन्ही फक्त उजव्या अक्षाची कक्षा बदलतात, आणि ती कक्षा अक्षाच्या नावातच लिहिलेली असते.