एकाच जागी तडकलेल्या दोन पेनी

आजोबांच्या डबीतली शिवराई नाणी हाताळत मी मोठा झालो. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'छत्रपती' अख्खं उमटलेली शिवराई क्वचितच हाती लागे. वाकडंतिकडं असेल तर अस्सल, हे डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. पुढे इंग्लंडात आलो आणि नेमका त्यावरच फसलो.

जुन्या वस्तूंच्या एका बाजारात आठव्या हेन्रीची चांदीची पेनी दिसली, डरहॅमच्या टांकसाळीची. एका बाजूला सिंहासनावर राजा. दुसरीकडे ढाल, तिच्या दोन्ही अंगांना टी आणि डब्ल्यू, खाली कार्डिनलची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्मगुरूची, टोपी. म्हणजे कार्डिनल थॉमस वुल्सी, १५२३ ते १५२९ डरहॅमचा बिशप; तिथली टांकसाळ बिशपच्याच हाती असे. (यॉर्कच्या ग्रोट, म्हणजे चार पेनींच्या, नाण्यांवरही या गृहस्थाने राजचिन्हाखाली आपली टोपी छापली होती. राजाची मर्जी उतरल्यावर त्याच्यावरच्या आरोपांत तीही आली!) राजाच्या डोक्याशेजारी नाण्याची कड तडकली होती. विक्रेता म्हणाला, "ठसा उमटवताना हातोडा जोरात बसला की पत्रा फाटतो." ते खरंच आहे, म्हणून तर मी भुललो. पंच्याऐंशी पौंड रोख मोजले. पावती मागायचं सुचलंही नाही.

घरी सोनाराच्या काट्यावर ठेवलं तर १.०४ ग्रॅम. १५२६ नंतरच्या पेनीचं ठरलेलं वजन ०.६९ ग्रॅमच्या आसपास. झिजून, कडा कातरल्या जाऊन नाणं हलकं होतं. हे इतकं जड कसं? भिंगाखाली अक्षरं वापरलेल्या साबणवडीसारखी, मधे बारीक बुडबुड्यांचे खड्डे. कडेला कानशीच्या रेघा, साच्याचा सांधा घासून काढलेला. आणि तो तडा आरपार नव्हताच, नुसती खाच होती. सरळसरळ ओतीव माल, ठोकलेलं नाणं नव्हे, साच्यात ओतलेली नक्कल. खिशात मावणारा काटा त्या दिवशी सोबत असता, तर हे तिथेच कळलं असतं.

विक्रेता पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. महिन्याभराने मात्र दुसऱ्या गावात, दुसऱ्याच माणसाच्या मखमली ट्रेमध्ये तीच पेनी होती. हाताने ठोकलेली दोन नाणी एकाच जागी, एकाच आकारात तडकत नाहीत. इथे तडा तोच, राजाच्या डोक्याशेजारी. मी खिशातली काढून शेजारी ठेवली.

त्याने दोन्हींकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "विकायची आहे का?"