गूढकथा वाचू, ऐकू का बघू?

माझी मामेबहीण नुकतीच पुण्यात नोकरीला आलीये, राहायला कर्वेनगर आणि ऑफिस हिंजवडी, म्हणजे रोजचे दोन-अडीच तास बसमध्येच. परवा फोनवर म्हणाली, दादा मला भयकथा सुरू करायच्यात पण जाडजूड कादंबरी नको, सुट्ट्या गोष्टी पाहिजेत, तर पुस्तक घेऊ, ऑडिओ लावू का सरळ सिरीज बघू? तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय, अजून कुणी याच विचारात असेल तर.

मुळात सुट्ट्या गोष्टी मागितल्या हे तिने बरोबरच केलं. लांब सिरीजमध्ये नायक शेवटपर्यंत लागणार हे आपल्याला माहीत असतं, तिसऱ्या एपिसोडला कुणी त्याचा गळा धरला तरी आपण निवांत चहा पितो. छोट्या गोष्टीत ती खात्री नाही. दहा मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस, लेखकाला त्याला वाचवायची काहीच गरज नाही, आणि हे आपल्याला आतून कळत असतं म्हणून पहिल्या ओळीपासून पोटात गोळा येतो.

पुस्तक. मराठीत यासाठी दोन नावं पुरेशी आहेत, नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). धारप तर आपल्या पुण्याचेच. ढोबळमानाने सांगायचं तर धारपांकडे बाहेरून काहीतरी घरात शिरतं, आणि मतकरींकडे ते बऱ्याचदा घरातल्याच कुणाच्या तरी मनात आधीपासून बसलेलं असतं. मला स्वतःला मतकरी जास्त लागतात, कारण वाचून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर समोर बसलेल्या माणसाकडे जरा वेगळं बघितलं जातं. पुस्तकात वेग तुमच्या हातात, ही सगळ्यात मोठी गोष्ट. शेवटचा परिच्छेद आला की मी खालच्या ओळी तळव्याने झाकतो आणि हात एकेक ओळ खाली सरकवत वाचतो, नाहीतर डोळा आधीच पळतो आणि सगळं फुकट जातं.

कॉलेजात असताना एका लायब्ररीतून आणलेल्या संग्रहातल्या शेवटच्या गोष्टीचं शेवटचं पानच नव्हतं, कुणीतरी फाडलेलं. बाईने कपाटाचं दार उघडलं आणि पुढे काही नाही. कितीतरी रात्री मी त्या कपाटात काय असेल ते ठरवत बसलो. पुढे अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत तोच संग्रह मिळाला, उभ्याउभ्याच ते पान काढलं, दोनच ओळी होत्या. कपाट रिकामं होतं, आणि बाईला हायसं वाटून ती दार लावायला वळली तर खोलीचं दार आतून बंद. मी काय काय ठरवलं होतं त्यातलं एकही याच्या जवळपास नव्हतं.

आता ऑडिओ. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या ॲपवर मराठी गूढकथा भरपूर आहेत त्यामुळे मिळण्याचा प्रश्न नाही, प्रश्न आहे कुठे ऐकणार याचा. सगळे म्हणतात प्रवासात ऑडिओ ऐका, मी म्हणतो गूढकथेला तो प्रवासात अजिबात नको. ही गोष्ट शांततेवर चालते, आणि चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये शांतता कुठून आणणार! अमेरिकेत १९३४ पासून 'लाइट्स आउट' नावाचा रेडिओ कार्यक्रम चालायचा, नावातच सूचना आहे बघा, दिवे घालवा. त्यात माणूस आतून बाहेर उलटतो असा एक प्रसंग होता आणि तो आवाज काढायला त्यांनी ओला रबरी हातमोजा उलटा केला होता. हातमोजा! डोळ्यांनी बघितला असता तर कुणी दचकलं नसतं, कानाने मात्र माणूसच ऐकला. म्हणून ऑडिओ रात्री, खोलीत, दिवा बंद करून, आणि वाचणारा प्रत्येक वाक्याला आवाज कापरा करत असेल तर ताबडतोब दुसरा शोधा.

टीव्ही आणि सिनेमा सगळ्यात सोपा, आणि पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला तोच ओढतो हे मान्य. आमच्या पिढीने १९९५ ला सुरू झालेली 'आहट' गोधडीतून बघितलीये, मला त्या सीरियलबद्दल अजून माया आहे. पण भूत एकदा नीट दिसलं की मेकअप दिसायला लागतो. आणि सिनेमात गोष्टी एकाला एक बांधलेल्या येतात, 'डरना मना है' (२००३) मध्ये सहा होत्या, त्यातली एक फसली तरी तुम्ही तिच्यातून उठू शकत नाही, पुस्तकात पान उलटून पुढे जाता येतं.

कॉमिक्स आपल्याकडे या प्रकारात कमी वाचली जातात म्हणून थोडक्यात. अमेरिकेत १९५० च्या सुमाराला ईसी कंपनीने 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' काढलं, त्यात गोष्ट सांगणारा सडक्या चेहऱ्याचा म्हातारा वाचकाशी थट्टा करत बोलायचा. १९५४ मध्ये पोरं बिघडतात म्हणून तिकडे एवढा गदारोळ झाला की कॉमिक्सला आचारसंहिताच लागली आणि ते कॉमिक बंद पडलं, पण १९८९ मध्ये तोच म्हातारा टीव्हीवर परत आला आणि ९३ एपिसोड टिकला. मला वाटतं तो सांगणाराच लोकांना हवा होता. आपल्याकडे लाइट गेल्यावर गोष्ट सांगणारी आत्या असायची, तीच जागा.

नाटकाचा पर्याय रोज नसतो, पण मिळाला तर सोडू नका. पॅरिसमध्ये ग्राँ गिन्योल नावाचं थिएटर १८९७ ते १९६२ चालू होतं, एका रात्री चार-पाच छोटी नाटकं, एक अंगावर येणारं मग एक हसवणारं, परत अंगावर येणारं. पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेतल्या एकांकिका ओळीने बघताना असं होतं, आधीच्या एकांकिकेत पोट धरून हसलेलं सगळं थिएटर पुढच्या अंधारात एकदम गप्प होतं, शेजारचा श्वास ऐकू येतो. हे मोबाईलवर मिळत नाही.

तर बहिणीला सांगितलंय, बसमध्ये पुस्तक, तेही मतकरींपासून, एका वेळी एकच गोष्ट, लगेच दुसरी नाही. रविवारी रात्री ऑडिओ. सिरीज रूममेट घरी असतील तेव्हा. माझा एक संग्रह तिला दिलाय, देण्याआधी शेवटचं पान आहे ना ते बघून.