कागद खरा, पिस्तूल दुसरंच

अमेरिकेत राहून दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पिस्तुलं जमवणारी मराठी माणसं फार नाहीत, पण आहेत. त्यांच्यापैकी कुणाला ‘सैनिकाने स्वतः घरी आणलेलं, कागदासकट’ असं ल्यूगर कुणी दाखवलं, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. मला असंच एक ३,८०० डॉलरला पडलं. नंतर ज्या जाणकाराला दाखवलं, त्याच्या मते त्याचे १,३०० आले तरी पुष्कळ.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीच्या मोहिमेत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तीच मोहीम. ओहायोतल्या एका गन शोमध्ये विक्रेत्याशी बोलताना हे मी सहज सांगितलं. पुढच्या वेळी त्याच्याकडे इटलीतून आलेलं पिस्तूल होतं! हेच पिस्तूल, मुठीवरच्या त्याच ओरखड्यासकट, त्याने दुसऱ्या एका संग्राहकाला नॉर्मंडीचं म्हणून दाखवलं होतं, हे मला व्यवहार झाल्यावर कळलं. गिऱ्हाईक बघून गाव बदलायचं.

पण नुसत्या गोष्टीवर एवढे पैसे कुणी देत नाही. त्याच्याकडे कागद होता. युद्धावरून परतताना अमेरिकन सैनिकाला शत्रूचं हत्यार घरी न्यायचं तर अधिकाऱ्याच्या सहीचा परवानगीचा कागद लागे. असा कागद सोबत असला की भाव चांगलाच चढतो. हा कागद बनावट नव्हता. टंकलेखन, सही, घड्या, सगळं त्या काळातलं. त्यावरचा चार आकडी नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर तंतोतंत जुळत होता.

खरी मेख इथेच आहे. ल्यूगर बनवणाऱ्या माउझर कारखान्यात चार आकडी नंबर संपले की खाली एक अक्षर लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. ते संपले की पुढचं अक्षर. नवं वर्ष लागलं की परत तेच. म्हणजे एकच चार आकडी नंबर असलेली पिस्तुलं कितीतरी असू शकतात, आणि त्यांतलं नेमकं कुठलं हे सांगतं ते वर्ष आणि ते अक्षर. माझ्या पिस्तुलावर नंबराखाली ‘सी’ आहे. कागदावर अक्षरच नाही, आणि वर्णन म्हणून ‘जर्मन पिस्तूल’ एवढंच. ल्यूगर असंही लिहिलेलं नाही. वाल्थरच्या पी-३८ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलावरही चार आकडे आणि अक्षर असाच नंबर असतो. तो कागद कुठल्यातरी तिसऱ्याच पिस्तुलाचा असणार. जुने सुटे कागद जमवायचे आणि नंबर जुळेल असं स्वस्तातलं पिस्तूल शोधत राहायचं, हा या लोकांचा धंदा.

आता लोखंडाकडे या. टॉगलवर, म्हणजे वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर, ‘बीवायएफ’ आणि गोळी बसते त्या चेंबरवर ४१, म्हणजे माउझर, १९४१. ट्रिगर, सेफ्टी, मॅगझिनचं बटण वाळल्या गवतासारखं पिवळसर, बाकी पिस्तूल गडद निळं. दिसायला देखणं, आणि माणूस भुलतो तो याच रंगाला. जुन्या ल्यूगरवर हा पिवळा रंग असतोच. पण माउझरने १९३७ मध्ये ब्लूइंगची, म्हणजे लोखंडावर निळसर-काळा थर चढवण्याची, पद्धत बदलली आणि छोटे भाग पिवळे ठेवणं बंद केलं. १९४१ च्या पिस्तुलावर पिवळा ट्रिगर दिसला, की कुणीतरी ते उघडून नव्याने रंगवलंय असं खुशाल समजा. नव्याने ब्लूइंग झालं की संग्राहकाच्या लेखी किंमत जवळपास निम्मी होते, मग ते कितीही चकचकीत असो.

छोट्या भागांवर नंबराचे शेवटचे दोन आकडे असतात. माझ्या साइड प्लेटवर ते बरोबर आहेत, पण उजेडात तिरकं धरलं की आकड्यांभोवती धातू किंचित खोलगट दिसतो. जुने आकडे घासून नवे ठोकलेत. नळीच्या खालची बाजूही अशीच घासलेली. १९६८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आयात झालेल्या हत्यारावर आयातदाराची खूण लागते, आणि ती बहुधा अशाच जागी असते. १९४५ मध्ये सैनिकाच्या पिशवीतून आलेल्या पिस्तुलावर तिथे पुसण्यासारखं काही असायचं कारणच नाही. युद्धानंतर सोव्हिएत गोदामांत पडलेली, भाग अदलाबदल करून नव्याने रंगवलेली पुष्कळ ल्यूगर पुढे अमेरिकेत आली. जाणकाराच्या मते माझं त्यांतलंच.

‘ब्लॅक विडो’ या नावाच्याही मागे लागू नका. काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या ल्यूगरला हे नाव युद्धानंतर विकणाऱ्यांनी दिलं, आणि मूठ बदलायला स्क्रूड्रायव्हर पुरतो. कवटी किंवा एसएसची खूण दाखवून कुणी दुप्पट भाव सांगितला तर सरळ पुढे चला.

एच-१बी वर असणाऱ्यांनी तर आधी वकिलाला विचारावं. बिगर-स्थलांतरित व्हिसावर हत्यार बाळगण्यावर संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे, अपवाद मोजके. आणि पुण्यात-मुंबईत बसून फोनवर कुणी ‘अस्सल ल्यूगर, घरपोच’ म्हणत असेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय ते जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. तिथे असली-नकलीचा प्रश्नच येत नाही.

मी पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याने पावती दाखवली. तिच्यावर ‘आहे त्या स्थितीत’ एवढंच होतं. इटली, सैनिक, मूळ ब्लूइंग, सगळं तोंडी. म्हणून पावतीवर लिहून घ्या: सगळे भाग मूळ नंबराचे, ब्लूइंग कारखान्याचं, कागद याच नंबराचा आणि याच अक्षराचा, आणि जाणकाराला दाखवून परत करायला काही दिवसांची मुदत. हे लिहायला जो कां-कूं करेल, त्याच्याशी भावाची बोलणीही करू नका.

बरंच भांडल्यावर तो ९०० डॉलरला परत घ्यायला तयार झाला. अट एकच होती, कागद सोबत हवा. मी म्हटलं, कागद माझ्याकडे राहील, पिस्तूल घे. त्यावर त्याने फोन ठेवला.